तेलकट चेहरा, तहानलेली कातडी

बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि खुद्द बुलढाणा शहर. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटरवर आहे, बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. मे महिन्यात मलकापूरहून निघालेली एस.टी. राजूर घाट चढू लागली की खिडकीतून येणारी झळ कमी होत जाते. वर पोचेपर्यंत पारा तीन-चार अंशांनी उतरलेला असतो आणि माणूस मोकळा श्वास घेतो.

त्वचेला मात्र हा दिलासा मिळत नाही. अंगाला जाणवते ती उष्णता. त्वचेची सगळ्यात जास्त खराबी करतात ते अतिनील किरण, आणि ते ना दिसतात ना जाणवतात. उंचीवर हवेचा थर पातळ होतो आणि दर हजार मीटरला हे किरण दहा ते बारा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे घाटाखालून घाटावर आल्यावर हवा थंड होते आणि अतिनील किरण चार-पाच टक्क्यांनी वाढतात. फरक लहान आहे, पण तो आपल्या अंदाजाच्या उलट दिशेचा आहे, म्हणून लक्षात ठेवण्यासारखा. गार वाऱ्यात बसलेला माणूस उन्हात जास्त वेळ बसतो.

हा जिल्हा विषुववृत्तापासून साधारण साडेवीस अंश उत्तरेला आहे. त्यामुळे मेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा तिथेच येतो, पण तेव्हा बहुधा ढग आड असतात. मेमध्ये आड काहीच नसतं. अतिनील किरणांची तीव्रता मोजायला जागतिक आरोग्य संघटनेने एक पट्टी ठरवून दिली आहे. तिच्यावर ११ आणि त्यापुढचा आकडा ‘अत्यंत तीव्र’ समजतात. इथल्या निरभ्र मे महिन्यात भर दुपारी तो ओलांडला जातो.

आता या तपनीत चेहऱ्याचं काय होतं ते पाहू. दुपारी बाहेरून आलेल्या कुणाचाही चेहरा बघा. कपाळ, नाक, हनुवटी तेलाने चमकत असते. त्याच माणसाचे ओठ उललेले असतात, गालावर हात फिरवला तर कातडी ताणलेली, खरखरीत लागते. एकाच चेहऱ्यावर तेल वाढलेलं आणि पाणी आटलेलं. ही विसंगती वाटते, कारण तेल आणि ओलावा आपण मनात एकच धरून चालतो. ते एक नाहीत, आणि उन्हातल्या त्वचेबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका गल्लतीतून निघालेले आहेत.

ही गल्लत एका साध्या प्रयोगाने सोडवली. १९५२ साली अमेरिकेत आयर्विन ब्लँक यांनी पायाच्या घट्ट्याचे तुकडे घेतले. घट्टा म्हणजे त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराचाच जाड झालेला भाग. ते तुकडे त्यांनी पूर्ण सुकवले, काडीसारखे मोडतील इतके. मग काही तेलात बुडवून ठेवले. ते तसेच कडक राहिले. पाणी मिळाल्यावर मात्र तुकडे मऊ झाले, वाकू लागले. कातडीला मऊपणा येतो तो पाण्याने. वरच्या थरात पाण्याचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो थर कडक होतो, हलताना तडकतो, सालपटं निघतात. मग तेलाचं काम काय? आत असलेलं पाणी उडून जाऊ न देणं. ते पाणी देत नाही, फक्त राखतं.

हा वरचा थर तळवे सोडले तर इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात मोजावी लागते. त्यात मेलेल्या, चपट्या पेशींच्या पंधरा-वीस चळती असतात आणि पेशींच्या फटींमध्ये स्निग्ध द्रव्यांचे पदर असतात. या द्रव्यात वजनाने जवळपास निम्मा वाटा सेरामाइड नावाच्या पदार्थांचा, बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हे त्वचेचं आतलं तेल. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण पाणी अडवतं ते प्रामुख्याने हेच. एवढं असूनही निरोगी माणसाच्या त्वचेतून घामाशिवाय, न कळत, दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर पाणी वाफ होऊन जातं. पेशींच्या पोटातही पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात: अमिनो आम्लं, लॅक्टेट, युरिया. त्यातले बरेचसे फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या विघटनातून तयार होतात. हवा कोरडी झाली की त्वचा हे विघटन वाढवते आणि पाण्याची पकड घट्ट करते. पण त्याला वेळ लागतो. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की दमट हवेतून एकदम कोरड्या हवेत नेल्यावर त्वचेची पाणी अडवण्याची ताकद ढासळते. कोरड्या हवेत काही काळ राहिलं तर ती सावरते. विदर्भातल्या घरोघरी मार्चपासून कूलर लागतो. कूलरच्या ओलसर हवेतून थेट दुपारच्या रखरखाटात, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असा ज्यांचा दिवस जातो त्यांची त्वचा कुठल्याच हवेला सरावत नाही, असं मला या प्रयोगांवरून वाटतं.

दुसरं तेल वेगळं. ते बाहेरचं, दिसणारं, रुमालाला लागणारं. केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी ते तयार करतात. चेहऱ्यावर आणि डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा चारशे ते नऊशे ग्रंथी असू शकतात, अंगावर इतरत्र शंभराच्या आत, तळहात-तळपायांवर एकही नाही. त्यामुळेच कपाळ तेलाने निथळत असताना टाचा फुटलेल्या असू शकतात. ऊन या तेलाचं काय करतं? ‘ऊन लागलं की तेल सुकतं, पुटकुळ्या जातात’ असं तरुण मुलं सांगतात. उलट घडतं. १९७० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं, की त्वचेचं तापमान एका अंशाने वाढलं तर पृष्ठभागावर येणाऱ्या तेलाचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतं. ग्रंथी अचानक जास्त काम करू लागते असं नाही. गरमीने तेल पातळ होतं, सहज वाहतं आणि पसरतं. चमक वाढते ती अशी. आतल्या पाण्याशी तिचा काही संबंध नाही.

या बाहेरच्या तेलात एक पदार्थ लक्ष देण्यासारखा आहे: स्क्वॅलिन. त्याचं प्रमाण साधारण बारा टक्के. त्याच्या रेणूत सहा दुहेरी बंध असतात आणि अशा बंधांवर ऑक्सिजन लगेच हल्ला करतो, ऊन असेल तर फारच लवकर. हे समजायला वऱ्हाडातल्या माणसाला जवसाच्या तेलाची आठवण पुरे. जवस एकेकाळी इथलं नेहमीचं रब्बी पीक होतं. लाकडी दाराला जवसाच्या तेलाचा हात दिला आणि दार उन्हात ठेवलं की काही दिवसांत ते तेल तेल राहत नाही, त्याचा चिकट आणि मग कडक पापुद्रा होतो. हवा आणि उजेड यांनी त्यातले दुहेरी बंध फोडून रेणू एकमेकांत गुंतवलेले असतात. चेहऱ्यावरच्या स्क्वॅलिनचीही उन्हात अशीच सुरुवात होते. त्याची पेरॉक्साइडं बनतात, ती त्वचेला चुरचुरतात आणि रंध्रांची तोंडं बुजवायला हातभार लावतात. उन्हाने पुटकुळ्या जाण्याऐवजी पंधरा दिवसांनी नव्याने उठतात त्यामागे हे एक कारण आहे.

स्क्वॅलिन ऊन झेलतं म्हणजे खालच्या थराला थोडं वाचवतंही. त्वचेत ई जीवनसत्त्वही असतं, तेही चेहऱ्यावर तेलाबरोबरच वर येतं आणि ऑक्सिजनला अडवतं. पण हा साठा थोडा असतो आणि दुपारच्या उन्हात लवकर संपतो.

आतल्या तेलाची कथा जास्त गंभीर आहे. अतिनील किरणांचे दोन गट आपल्यापर्यंत पोचतात. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के लांब लहरींचे असतात. ते खोल, खालच्या थरापर्यंत जातात आणि तिथलं कोलॅजन हळूहळू मोडतात. आखूड लहरींचे थोडे असतात, पण वरच्या थरातच शोषले जाऊन पेशींना भाजतात. अशा भाजण्यानंतर त्वचेतून वाफ होऊन जाणारं पाणी लगेच वाढत नाही. ते वाढतं दोन-तीन दिवसांनी. भाजलेल्या पेशींच्या जागी त्वचा घाईघाईने नव्या पेशी तयार करते, त्या पुऱ्या पिकण्याआधीच वर ढकलल्या जातात आणि त्यांच्या फटींतले स्निग्ध पदर नीट बसलेले नसतात. म्हणून सोमवारी लग्नाच्या मांडवाबाहेर दुपार काढलेल्या माणसाला अंग कोरडं पडल्याचं बुधवार-गुरुवारी जाणवतं, आणि तोवर तो दोष त्या दिवशीच्या साबणाला किंवा पाण्याला देऊन मोकळा होतो.

घामाबाबतही फसगत होते. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. कोकणात घाम अंगावर दिसतो. घाटाखाली एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, तेव्हा तो निघता निघता उडून जातो. माणसाला वाटतं आपण फारसे घामाघूम झालो नाही. अंग पुसलं की हाताला मिठाची कणी लागते ती खरी खूण. घामात लॅक्टेट आणि युरिया असतं, त्यामुळे थोडा घाम त्वचेचा ओलावा टिकवायला मदतच करतो. पण तो उडून मागे राहिलेलं मीठ घर्षणाने, कपड्याने, तव्यासारख्या तापलेल्या वाऱ्याने त्वचेला खरवडतं. पिण्याचं पाणी शरीरासाठी जीव की प्राण आहे; उष्माघात टळतो तो त्यानेच. मात्र दोन तांबे जास्त प्यायल्याने गालाची सालपटं थांबत नाहीत. तिथली गळती वरून बंद करावी लागते.

आणि नेमकी इथे आपण उलट वागतो. चेहरा तेलकट झाला म्हणून दिवसातून चार-पाचदा साबण लावतो.

साबणाचा या जिल्ह्याशी जुना संबंध आहे. लोणारच्या विवरातलं सरोवर जगाला माहीत आहे ते उल्केच्या आघाताने झालेलं म्हणून, पण अकबराच्या काळात त्याची ख्याती वेगळी होती. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने लोणारविषयी लिहिताना, काच आणि साबण करायला लागणारी सगळी सामग्री इथे मिळते, अशी नोंद केली आहे. ती सामग्री म्हणजे सरोवराच्या काठावर साचणारा खार. या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू पाचच्या जवळ, म्हणजे आम्लधर्मी. १९२८ साली जर्मनीतल्या शाडे आणि मार्किओनिनी यांनी या आम्लतेला त्वचेचं आवरण म्हटलं. सामूच्या मोजपट्टीत एक घर म्हणजे दहा पट. पाच आणि दहा यांतला फरक एक लाख पटींचा होतो. नेहमीचा अंगाचा साबणही नऊ ते दहाच्या घरातच असतो.

आतल्या तेलाचे पदर तयार करणारी विकरं आम्लधर्मी वातावरणातच नीट चालतात. त्वचा अल्कधर्मी झाली की सेरामाइड कमी बनतं आणि पेशींना धरून ठेवणारे दुवे लवकर तोडले जातात. एका वेळच्या साबणानंतर त्वचा काही तासांत पुन्हा पूर्वपदावर येते. दिवसातून चार वेळा साबण म्हणजे तिला ते तासच मिळत नाहीत. घाटाखाली यात आणखी भर पडते. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातला, तिथे विहिरी-बोअरचं पाणी खारं आणि जड. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून माणूस जास्त साबण घासतो, आणि चुन्याच्या क्षारांशी मिळून त्याचा जो साका होतो तो पूर्ण धुतला जात नाही, अंगावर बसून राहतो. उन्हाने भाजलेल्या कातडीला हा दुसरा घाव. म्हणून साबण काखा-जांघांपुरता, चेहऱ्याला दिवसातून एकदा, तोही सौम्य. बाकी वेळा नुसतं पाणी, किंवा अगदी तेलकट वाटलं तर डाळीचं पीठ. ते वरचं तेल शोषतं आणि साबणाइतकं त्वचेला अल्कधर्मी करत नाही.

त्वचेचा रंग काय देतो? बरंच काही. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन आखूड लहरींचा मोठा भाग अडवतं. १९७९ सालच्या एका प्रसिद्ध मोजणीत गोऱ्या त्वचेच्या वरच्या थरातून सुमारे २४ टक्के असे किरण आरपार गेले, काळ्या त्वचेतून साधारण ७ टक्के. भारतीय त्वचा बहुतांशी या दोन टोकांच्या मध्ये येते. त्वचेचे कर्करोग आपल्याकडे कमी दिसतात ते यामुळे. पण लांब लहरींपुढे हे संरक्षण दुबळं आहे, आणि पाणी उडून जाण्याविरुद्ध तर रंगाचा उपयोग जवळजवळ नाहीच. रापलेला चेहरा सरावला असं आपण म्हणतो. तो फक्त गडद आणि जाड झालेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हांबुर्गच्या उन्ना यांनी दर्यावर्दी माणसांच्या आणि बोर्दोच्या द्युब्रय यांनी द्राक्षमळ्यांतल्या मजुरांच्या त्वचेचे बदल टिपले आणि दोष उन्हाकडे गेला. मानेच्या मागे खोल, चौकटीचौकटींच्या रेषा पडलेली जाड कातडी वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मानेवर दिसते, तीच ही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं: २८ वर्षं खिडकीच्या काचेतून ऊन खाल्लेला डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा. काच आखूड लहरी अडवते, लांब लहरी नाही. मलकापूर-खामगाव रस्त्यावरच्या आपल्या चालकांची खिडकी उजवीकडे असते, एवढाच फरक.

या सगळ्यावरचा सगळ्यात शहाणा उपाय शेतमजूर बायकांनी आपणहून शोधला आहे. पऱ्हाटी उपटताना, धसकटं वेचताना, सोयाबीन सोंगताना त्या लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, डोक्या-मानेभोवती फडकं गुंडाळतात. दर दोन तासांनी क्रीम लावण्याचा सल्ला त्यांच्या मजुरीत बसत नाही आणि घामाने ते टिकतही नाही. कापड टिकतं. त्यातही निवड आहे: पातळ पांढरा सुती कपडा उष्णता परतवतो, पण त्यातून अतिनील किरण बरेच आत येतात, ओला झाला की आणखी. घट्ट विणीचं, गडद कापड किंवा दुहेरी घडीचा दुपट्टा जास्त राखतो. शेगावहून पंढरपूरला मे-जूनमध्ये पायी निघणाऱ्या वारकऱ्यांच्या पांढऱ्या पोशाखावर एक दुहेरी उपरणं मानेवरून घेतलं तर केवढी सोय होईल.

तेल कधी लावावं यावर मी ठामपणे सांगेन: उन्हात जाताना नाही. सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचा उपचार देण्याआधी डॉक्टर कधीकधी चट्ट्यांवर तेलाचा पातळ हात देतात, कारण तेलाने खवले पारदर्शक होतात आणि किरण जास्त आत जातात. सकाळी अंगभर खोबरेल चोपडून रानात जाणारा माणूस नकळत हेच करतो. तेलाची वेळ संध्याकाळची. अंघोळ करून, अंग कोरडं खडखडीत न पुसता, ओलसर असतानाच पातळ हात. पाणी आधी, तेल वरून; ब्लँक यांच्या घट्ट्याच्या तुकड्यांनी शिकवलं ते हेच. करडईचं तेल या कामाला उत्तम. त्यात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या पुढे असतं आणि आतल्या पदरांतलं एक महत्त्वाचं सेरामाइड बनवायला त्वचेला तेच लागतं. हेच आम्ल भरपूर असलेल्या सूर्यफुलाच्या तेलाने प्रयोगांत त्वचा लवकर सावरली, मोहरीच्या तेलाने उशिरा. खोबरेलही कोरड्या त्वचेवर चांगलं ठरलं आहे. जवसाचं तेल मात्र खायचं. अंगाला लावून उजेडात गेलं तर ते फार लवकर खवट होतं.

एक काळजी उरते, ती ड जीवनसत्त्वाची. ते त्वचेतल्याच एका कोलेस्टेरॉलच्या भावंडापासून, आखूड लहरींनी बनतं. ते वरच्या तेलात नव्हे, मुख्यतः जिवंत पेशींच्या थरात तयार होतं, त्यामुळे उन्हातून आल्यावर अंघोळ केली तर ते धुऊन जातं ही भीती निराधार आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात मात्र आखूड लहरी फार थोड्या असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी पडू लागली की त्या पुरेशा पोचतात. इथे उन्हाळ्यात ही वेळ सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान सुरू होते, हिवाळ्यात उशिरा. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो, सावळ्या अंगाला काहीसा जास्त. शेतात राबणाऱ्यांना याची चिंता नको. घरात, दुकानात, कार्यालयात दिवस जाणाऱ्यांना हवी. आणि तान्ह्या बाळाला त्यासाठी दुपारच्या उन्हात धरायचं नाही: भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यायला सांगते.